कानाचं मशीन: नऊ महिने वापरल्यावर

मी 1982 साली साताऱ्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागले आणि 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलच्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, बाहेर पडले. पहिली कितीतरी वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हातानं जोडण्यात, काढली. डोक्याला हेडसेट, समोर कॉर्ड आणि प्लग, हातात कॉलची नोंद करायचं तिकीट. कॉलचे प्रकार ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग, आणि ठरावीक माणसालाच बोलावून द्यायचा तो पीपी. खरखरीतून पलीकडच्या गावाचं नाव, नंबर आणि माणूस ओळखून काढायचा हेच काम. सांगायचं कारण एवढंच की माझं पोट कानांवर चाललं, आणि त्याच कानांसाठी या फेब्रुवारीत मी 92 हजार रुपये मोजून मशीनची जोडी घेतली. आज वय 64. नऊ महिने रोज वापरते आहे. घेण्याआधी मला असं लिहिलेलं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या कानाला बसलेलं मशीन तुमच्या कानाला बसेलच असं नाही, आणि नाव वाचून तेच मागायला कुणी दुकानात जाऊ नये. प्रकार सांगते: कानामागे बसणारं, बदामाएवढं, तिथून केसासारखी बारीक तार कानात जाते आणि तारेच्या टोकाला इवलासा स्पीकर. स्पीकरवर सिलिकॉनची छत्री असते, तिला डोम म्हणतात. रात्री मोबाईलसारखं चार्जिंगला लावायचं.

आधी कानांचं काय झालं होतं ते सांगते. आवाज कमी येतो अशी माझी तक्रार कधीच नव्हती. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. हे पुढे ऑडिओलॉजिस्ट मुलीनं (ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणारी, वय जेमतेम तीस, मला काकू म्हणते) समजावलं तेव्हा मी हसलेच, कारण ते मला तिच्याहून आधी माहीत असायला हवं होतं. जुन्या टेलिफोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच आवाजाचा पट्टा जातो, त्यावरचे उंच सूर गळतात. त्यामुळे फोनवर 'स' आणि 'फ' सारखेच लागतात, म्हणून तर आम्ही नाव घेताना 'सगुणाचा स', 'फणसाचा फ' करायचो. स्वरांमध्ये जोर असतो, ते खालच्या पट्टीत असतात; अर्थ मात्र व्यंजनांत असतो आणि स, श, फ, थ, ठ ही मंडळी वरच्या पट्टीत. वय वाढतं तसा कान वरची पट्टी आधी सोडतो. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात, जन्मापासून तेवढ्याच, एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि उंच आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी असतात. म्हणजे माझाच कान ट्रंक लाइन होऊन बसला होता.

मला ते पाच-सहा वर्षं कळलं नाही. किंवा कळलं ते दुसऱ्यांच्या नावावर जमा झालं. "अहो, तोंडातल्या तोंडात काय बोलता?" हे मी ह्यांना दिवसातून दहादा म्हणायचे. टीव्हीवरच्या मालिकेतले नट नीट उच्चार करत नाहीत, सुनेला घाईत बोलायची सवय आहे, बँकेतला मुलगा काचेआड पुटपुटतो, असंच वाटायचं. भजनी मंडळात मी मागच्या रांगेत बसायला लागले. कराडची माझी एक्स्चेंजमधली मैत्रीण दर रविवारी फोन करायची, तो मी उचलेनाशी झाले. चाळीस वर्षांची मैत्री, पण तासभर अंदाजानं बोलून मी दमून जायचे, आणि फोन ठेवल्यावर तिच्या जावयाचं ऑपरेशन झालं की व्हायचंय हेही मला सांगता यायचं नाही. संध्याकाळी सहानंतर मी कुणाशी बोलायचीच नाही. घरच्यांना वाटलं, निवृत्तीनंतर आई अबोल झाली.

ही दमण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. अर्धं वाक्य कानानं आणि अर्धं अंदाजानं भरायचं, हे काम मेंदू दिवसभर करत असतो. वय वाढलं की हे करण्याचा वेग कमी होतो, पण शब्दांचा साठा आणि जगाचा अनुभव शाबूत असतो, उलट वाढलेला असतो. त्या साठ्याच्या जोरावर माणूस वर्षानुवर्षं वेळ मारून नेतो. मी तर ऑपरेटर. तुटक ऐकून पूर्ण करायचं माझं प्रशिक्षणच झालेलं होतं, त्यामुळे मी इतरांपेक्षा जास्त काळ निभावून नेलं.

डिसेंबर 2024 मध्ये निभावलं नाही. हे गावाला गेले होते. मुलाचा रात्री फोन आला, पुण्याहून पहाटेच्या गाडीनं येतोय, सहाला पोचतो. मी ऐकलं दहाला. सहा आणि दहा, म्हणून बघा मोठ्यानं, फरक फक्त पहिल्या अक्षरात आहे. मी दार आतून लावून झोपले. आमची बेल चिमणीच्या चिवचिवाटाची आहे, म्हणजे पुन्हा वरची पट्टी. तो चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन साताऱ्याच्या डिसेंबरातल्या थंडीत वीस मिनिटं बेल वाजवत होता. शेवटी शेजारच्यांनी माझ्या खोलीच्या खिडकीवर थापा मारल्या. मी दार उघडलं तेव्हा नातीचे ओठ निळसर झाले होते. मुलगा एक शब्द बोलला नाही. आत आला आणि तिला माझ्या गोधडीत गुंडाळलं.

याआधी दोन चुका करून झाल्या होत्या, त्या इथे लिहिते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. 2023 मध्ये मी ऑनलाइन 2,400 रुपयांचं एक यंत्र मागवलं. जाहिरातीत श्रवणयंत्र म्हटलं होतं, पण तो नुसता आवाज मोठा करणारा डबा होता. सगळंच मोठं करतो: पंखा, मिक्सर, रस्त्यावरची रिक्षा. ज्या खालच्या पट्टीत माझा कान ठणठणीत होता तिथेही दुप्पट. दोन दिवसांत डोकं उठलं. दुसरी चूक म्हणजे एका दुकानात, मोकळ्या खोलीत, बाहेर टीव्ही चालू असताना, पाच मिनिटांत कान तपासून घेतले आणि तिथल्या माणसानं लगेच 35 हजारांचं एकच मशीन पुढे केलं, एका कानाला. "या वयात दोन कशाला?" असं म्हणाला. मी घेतलं नाही, पण त्या वाक्यानं मनात असं बसलं की दुसऱ्या कानाचा हक्क आपला संपला, आणि पुढचं वर्ष वाया गेलं. दोन्ही कान उतरले असतील तर दोन्हींना लागतात. आवाज कुठल्या बाजूनं आला हे दोन कानांच्या तुलनेवरून कळतं, आणि गर्दीतून एक बोलणं वेगळं काढायलाही दोन्ही लागतात.

त्या पहाटेनंतर मुलानंच पुण्यातल्या ऑडिओलॉजिस्टची वेळ घेतली. विनाथांबा गाडीनं स्वारगेट आणि तिथून रिक्षा. तिनं पहिल्या भेटीत मशीन दाखवलंसुद्धा नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, मळ काढून पडदा बघून या म्हणाली. डाव्या कानातून मळाची हरभऱ्याएवढी गोळी निघाली. काहींचं तर तेवढ्यावरच भागतं. एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितली: कान हळूहळू उतरत असेल तर सवडीनं या, पण एका कानाचं अचानक, रातोरात ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

मग आवाजबंद केबिनमधली तपासणी. कानावर हेडफोन चढले तेव्हा मला माझी पहिली ड्यूटी आठवली. 250 हर्ट्झपासून 8000 पर्यंत एकेक सूर, ऐकू आला की बटण दाबायचं. माझ्या कागदावर रेघ 1000 पर्यंत बऱ्यापैकी सपाट आणि मग डोंगराच्या कड्यासारखी खाली: 2000 ला 45 डेसिबल, 4000 ला 60, 8000 ला 70, म्हणजे सूर तेवढा मोठा केला तेव्हा कुठे ऐकू आला. कानामागच्या हाडावर कंपन लावूनही तेच आकडे आले, म्हणजे बिघाड पडद्याचा नाही, आतल्या शंखाचा. त्यानंतर तिनं सुटे शब्द ऐकवले, मागेपुढे वाक्य नाही. 'पाट', 'साल', 'फूल' असले. पंचवीसपैकी उजव्या कानानं सतरा बरोबर. वाक्याचा आधार काढून घेतला की माझा अंदाज उघडा पडला. केबिनबाहेर आले तर रडू आवरेना. तिनं पाणी दिलं आणि घाई केली नाही. दुसऱ्या रुग्णाला बाहेर बसवून ती माझ्याजवळ बसून राहिली. या सेवेचा सगळ्यात मोठा गुण म्हणून मी हीच गोष्ट लिहीन.

दुसऱ्या भेटीत तीन प्रकारची मशीन लावून फिरायला पाठवलं. खाली रस्त्यावर चहाच्या टपरीपर्यंत जाऊन यायचं. महागातली जोडी दीड लाखाच्या वर होती. तिच्यात आणि मी घेतलेल्या 92 हजारांच्या जोडीत माझ्या कानाला फारसा फरक कळला नाही, आणि तिनंच सांगितलं, काकू, तुमचा दिवस घरात आणि मंडळात जातो, महागडं कशाला. अशा मशीनवर जीएसटी लागत नाही. कुणी वेगळा लावत असेल तर विचारा. मशीन कानात असताना कानाच्या आत बारीक नळी सोडून, पडद्यापाशी खरोखर किती आवाज पोचतो तेही तिनं मोजलं. दहा मिनिटांचं काम. तुम्ही घ्याल तिथे हे मोजतात का ते जरूर विचारा. त्याशिवाय नुसतं कॉम्प्युटरच्या अंदाजावर सोडलेलं मशीन माझ्या एका ओळखीच्या बाईंच्या कपाटात पडून आहे.

पहिला दिवस. घरी आल्यावर फोडणी टाकली आणि मी कढईपासून मागे झाले. मोहरी इतक्या तऱ्हांनी तडतडते? आधी एकेक, मग घाईघाईनं सगळ्या, मग जिऱ्याचा 'चर्र'. मला फक्त वास उरला होता, वासावरून फोडणी ओळखत होते. पेपराची घडी, माझ्याच चपला, साडीची सळसळ, देवघरात काडी ओढल्याचा आवाज. माझाच आवाज मला हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. आणि स्टीलचं ताट ओट्यावरून पडलं तेव्हा कानात सुई गेली. हे मशीनचं कमी, आपल्या कानाचं जास्त असतं: बारीक आवाज येत नाही आणि मोठा आवाज एकदम सहन होत नाही, मधली जागा आक्रसते. तिसऱ्या भेटीत तिनं मोठ्या आवाजांना वरून मर्यादा घातली, डोम बदलून हवेसाठी भोकं असलेला दिला आणि हंड्यातला आवाज गेला.

तरी पहिले पाच आठवडे कठीण होते, हे स्पष्ट लिहिते. चष्मा लावला की लगेच दिसतं, तसं इथे होत नाही. कितीतरी वर्षं मेंदूला हे आवाज मिळालेच नव्हते, तो फ्रिजच्या घरघरीलाही पाहुण्यासारखा उठून उभा राहतो. कुठला सोडायचा आणि कुठला धरायचा हे त्याला पुन्हा शिकावं लागतं. मी रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लावून कागदावर शब्द लिहायचे, संध्याकाळी ह्यांना पाठ करून बसायला लावून त्यांच्याकडून आकडे वाचून घ्यायचे. सहा, दहा, सात, साठ, आठ. पहिल्या आठवड्यात पन्नासात एकोणीस चुका, सहाव्यात चार. ती वही जपून ठेवली आहे. ज्यांनी मशीन घेऊन टाकून दिलं त्यांतल्या बहुतेकांनी या आठवड्यांतच टाकलं. दिवसाला दोन तास लावून हे जमत नाही, उठल्यापासून झोपेपर्यंत लावायचं.

आता आईबद्दल. माझी आई 2016 मध्ये गेली, 82 व्या वर्षी. शेवटची चार वर्षं ती भलतीच उत्तरं द्यायची, विचारलं एक आणि बोलली दुसरं. आम्ही सगळे म्हणायचो, आई विसरते. तिच्याशी बोलणं कमी केलं, तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायला लागलो. तिचे कान कुणीही तपासले नाहीत. मीही नाही. तिला खरंच विस्मरण होतं की फक्त ऐकू येत नव्हतं, हे आता कळायला मार्ग नाही. दोन्ही असेल. ऑडिओलॉजिस्टला मी सरळ विचारलं, मशीन लावलं तर मला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होणार नाही का? तिनं होकार दिला नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी जी चौदा कारणं दिली आहेत त्यांत ऐकू कमी येणं आहे, असं तिनं सांगितलं. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला, 2023 मध्ये निकाल आला: सगळ्यांचा मिळून विचार केला तर मशीनमुळे बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्यांच्यात घसरण निम्म्याच्या आसपास कमी झाली. विकणाऱ्या बाईनं एवढं खरं सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. तिच्यावर विश्वास बसला तो तिथे.

तक्रारीही आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये मशीन जवळजवळ निरुपयोगी, बँड लागला की मी काढून डबीत ठेवते. गणपतीच्या मिरवणुकीतही. स्कूटरवर मागे बसलं की वाऱ्याचा घोंघाट. नात गळ्यात पडली आणि तिचा गाल कानाला टेकला की शिट्टी वाजते. तिला वाटतं आजी वाजवते. चष्म्याची काडी, मशीन आणि मास्कची दोरी एकाच कानामागे मावत नाहीत, एकदा दवाखान्यात मास्क काढताना डावं मशीन उडून बाकाखाली गेलं. मे महिन्यात घामानं आवाज मंदावला. पावसाळ्यात रात्री डबीत सिलिका जेल घालून ठेवावं लागतं. माझा साधा मोबाईल ब्लूटूथनं नीट जोडला जात नव्हता, मुलाला मला नवा फोन घेऊन द्यावा लागला, तो खर्च आधी कुणी सांगितला नव्हता. आणि आमच्या गावात दुरुस्तीची सोय नाही, प्रत्येक वेळी पुणं. नऊ महिन्यांत सहा फेऱ्या झाल्या.

निगा मात्र अवघड नाही, जरी बोटांची नजाकत लागते. स्पीकरच्या तोंडावर तांदळाच्या कणीएवढी जाळी असते, मळ आत जाऊ नये म्हणून. ती भरली की मशीन मुकं होतं आणि माणूस घाबरून दुरुस्तीला नेतो. सोबत काडी मिळते: एका टोकानं जुनी जाळी ओढून काढायची, काडी फिरवून दुसऱ्या टोकावरची नवी दाबून बसवायची. मी खिडकीशी, पांढऱ्या रुमालावर करते, म्हणजे पडली तर दिसते. बोटं थरथरत असतील किंवा नजर कमी असेल तर घरातल्या एकानं शिकून घ्यावं, आणि रिचार्जेबलच घ्यावं. सेलचं मशीन घेतलंत तर सेलच्या पाठीवरचं स्टिकर काढल्यावर तो लगेच बसवू नका, मिनिटभर उघडा ठेवा. तो सेल हवेवर चालतो. आणि लहान मुलांच्या हाताला कधीही लागू देऊ नका.

पैशांचं. माझ्याकडे पेन्शन आहे, मला परवडलं. आमच्या मोलकरणीच्या सासूसाठी आम्ही चौकशी केली तर राष्ट्रीय वयोश्री योजनेत (2017 पासून आहे) गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, कवळी यांबरोबर श्रवणयंत्रही मोफत मिळतं, शिबिरं लागतात तेव्हा नाव द्यावं लागतं. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 65 च्या पुढच्यांना एकदाच 3,000 रुपये खात्यात देते. तेवढ्यात चांगलं मशीन येत नाही, आणि ही मला मनापासून खटकणारी गोष्ट आहे. ऐकू येणं ही चैन नाही.

भजनी मंडळात मी आता दुसऱ्या रांगेत असते. टाळ माझ्या डाव्या हाताला वाजतो हे मला कळतं. मार्चमध्ये एका रविवारी मीच कराडला फोन लावला, दोन्ही कानांत थेट तिचा आवाज, आणि तिच्या मागे तिच्या स्वयंपाकघरातला कुकर. जावयाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. तिनं मला रागावून घेतलं, मी ऐकून घेतलं. मग बराच वेळ ती बोलेना, आणि नंतर म्हणाली, "अगं, मलाही हल्ली दारावरची बेल येत नाही गं." तीही बोर्डावरचीच. गुरुवारी तिची वेळ घेतली आहे, मी सोबत जाते आहे. आधी मळ काढून ये, असं तिला सांगून ठेवलंय.